जहाजासाठी राखलेला हात

चौकशीचा अहवाल एकशे चौदा पानांचा आहे, आणि त्यात माझ्या बाबांच्या वाट्याला दीड ओळ आली आहे. 'निवृत्त मोजणीदाराने जुन्या गोदीच्या खोलीचे चुकीचे आकडे बरोबर असल्याची सही करून दिली.' झालं. तीस वर्षं पाण्याचा तळ चाचपत हिंडलेला माणूस दीड ओळीत संपला, आणि पुढच्या परिच्छेदात दुकानांच्या काचा किती जाड होत्या याची चर्चा सुरू. माझा उल्लेख एकशे चौदा पानांत कुठेच नाही. तो असायला हवा होता. मी तोंडी सगळं सांगितलं होतं, त्यांनी मान डोलावून लिहूनही घेतलं होतं, पण मेलेल्या माणसावर ढकललं की फाईल लवकर बंद होते. म्हणून आता माझ्या नव्या दुकानात बसून मीच लिहिते आहे. या दुकानाचा कागद माझ्या नावावर आहे, हे आधीच सांगून ठेवते.

बाबा गोदीत मोजणीदार होते. म्हणजे काय ते आता समजावून सांगावं लागतं, कारण गोदीही गेली आणि तो धंदाही गेला. जहाज धक्क्याला लावायचं तर त्याच्या पोटाखाली पाणी किती आहे हे आधी कळावं लागतं. यंत्रं होती, पण ती मोठ्या वाटेसाठी. कोपरे, कडा, दरवाजांजवळच्या अडचणीच्या जागा बाबा होडीतून हाताने मोजत. दोरीला मुठीएवढं शिशाचं वजन बांधलेलं. ते पाण्यात सोडायचं, तळाला टेकलं की दोरी सैल पडते, मग ती वर ओढत वाव मोजायचे. दोन्ही हात पसरले की या बोटाच्या टोकापासून त्या बोटाच्या टोकापर्यंत एक वाव, साधारण सहा फूट. बाबांचा वाव इतका पक्का, की गोदीत त्यांचं नावच 'वाव' पडलं. पुढे माझ्या दुकानाशेजारचे लोक 'वावकाका' म्हणू लागले.

घरात त्यांना टेप लागत नसे. पडदा घ्यायचा असो की कपाट, हे हात पसरून उभे. माझ्या होणाऱ्या नवऱ्याला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी त्याला या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत असं काही न्याहाळलं, की तो बिचारा अंग चोरून बसला. चार वर्षांनी तो मला सोडून दुसऱ्या शहरात गेला तो गेलाच. तेव्हा बाबा म्हणाले, "मी तुझ्या आईला त्याच दिवशी म्हटलं होतं, कापड कमी आहे." मी रडत होते आणि मला हसू फुटलं.

पण मोजलेला आकडा ते जसाच्या तसा कधी लिहीत नसत, आणि या साऱ्या गोष्टीची नाडी तिथे आहे. त्यांना काम शिकवणाऱ्या उस्तादाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, जे मोजशील त्यातून एक हात काढून ठेव. एक हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, दीड फूट. तो जहाजासाठी. वहीत वीस लिहिलं आणि खाली साडेएकवीस निघालं तर कुणाचं काही बिघडत नाही. वीस लिहिलं आणि साडेअठरा निघालं तर जहाजाचा तळ फाटतो आणि माणसं मरतात. हा नियम कुठल्या कागदावर नव्हता. शिकवणारे शिकवत गेले, शिकणारे शिकत गेले. बाबांच्या तीस वर्षांत त्यांच्या आकड्यावर विसंबलेलं एकही जहाज तळाला घासलं नाही. स्वतःबद्दल मोठ्याने सांगावी अशी त्यांच्याकडे ही एकच गोष्ट होती, आणि ती ते वर्षातून दोन-तीनदा तरी सांगत.

खोड घरातही शिरली होती. सहाला निघायचं असेल तर सांगणार साडेपाच. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत मला बहात्तर टक्के मिळाले, तर आत्याला फोनवर म्हणाले, "पास झाली. साठ-पासष्ट असतील." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आई हसायची. "तुझ्या बापाचं सगळं एक हात कमी," म्हणायची, "माझ्यावरची मायासुद्धा." तिच्या शेवटच्या आजारात डॉक्टरांनी तीन महिने सांगितले होते. बाबांनी मला सांगितले दोन. ती अडीच जगली, आणि ते वरचे पंधरा दिवस मला कुणीतरी बक्षीस दिल्यासारखे वाटले. अशा माणसाला काय बोलणार?

मग गोदी बंद झाली. एका कंपनीने सगळा किनारा घेतला. बोटी दुरुस्तीला उभ्या राहत तिथे काचेचे तीन मनोरे आले, खाली ऑफिसं, वर घरं. गोदामांचं हॉटेल झालं. पाण्याच्या कडेने फिरायला लाकडी पट्ट्यांचा रस्ता झाला, त्यावर दर दहा पावलांना एक बाक. जुनी क्रेन निळा रंग देऊन शोभेला ठेवली. एक नांगरही मांडला, तो उलटा. बाबांनी रखवालदाराला सांगितलं, देखभाल-ऑफिसात सांगितलं, पत्रसुद्धा दिलं. नांगर अजून उलटाच आहे.

आम्ही गोदी कामगारांच्या खोल्यांत राहत होतो. खोल्या पाडल्या, आम्हाला शहराच्या दुसऱ्या टोकाला घरं दिली, आणि ज्यांच्या हातात काही धंदा होता त्यांना नव्या बाजारात एक-एक दुकान द्यायचं ठरलं. माझं शिलाईचं काम. नवे कपडे कमी, जुने बसते करणं जास्त: पँट आखूड करणं, चेन बदलणं, कोट कमरेत घेणं. त्या दुकानासाठी मी आठ वर्षं चपला झिजवल्या. आठ वर्षं. हा आकडा पूर्ण आहे, यातून काही काढलेलं नाही.

आमचा बाजार जिथे बांधायचा होता तिथे पूर्वी कोपऱ्यातली एक लहान गोदी होती. गोदीवाले तिला 'आंधळी' म्हणत, कारण तिचा पाण्याकडचा दरवाजा पन्नास वर्षं बंद होता आणि आत कुणी जात नसे. ती भरून टाकून वर दुमजली दुकानं उभी करायची होती. मनोऱ्यांखाली कंपनीने खोलवर भोकं पाडून जमीन तपासली होती. दुमजली दुकानांसाठी एवढा खटाटोप कशाला, म्हणून तिथे गोदीच्या जुन्या वह्यांवर काम भागवायचं ठरलं. वह्यांतलं अक्षर कुणाला लागेना, म्हणून बाबांना बोलावलं.

दहा दिवस ते थंडगार ऑफिसात खुर्चीवर बसले. त्यांच्यासाठी कॉफी येई. गळ्यात फोटोचं कार्ड, त्यावर 'सल्लागार'. ते कार्ड ते घरी जेवतानासुद्धा काढत नसत, आणि मी त्यावरून त्यांना फार चिडवलं. आंधळीचं पान आलं तेव्हा तिथल्या तरुण इंजिनिअरने विचारलं, "काका, खोली किती?"

"वहीत एकोणीस फूट आहे."

"छान. भर जितकी खोल, तितकी ती बसायला वेळ जास्त लागतो. एकोणिसाला दीड वर्ष पुरे. दुप्पट खोल असती तर चार वर्षं थांबावं लागलं असतं, आणि मालक माझ्या नरडीवर बसले असते."

बाबा हसले. 'वहीप्रमाणे बरोबर' असं लिहून त्यांनी सही केली. हा सगळा संवाद त्यांनी त्याच संध्याकाळी मला कौतुकाने ऐकवला होता, म्हणून मला शब्दन् शब्द आठवतो. पुढे राडारोड्याचे ट्रक येऊ लागले तेव्हा भर टाकणारा मुकादम त्यांना भेटला. म्हणाला, "वावशेठ, तुमचा खड्डा बकासुर आहे, टाकू तेवढं गिळतो." तेव्हाही बाबा हसले. मीही हसले. मुकादमाला ट्रकामागे पैसे मिळत होते, तो तर सगळ्यांत जास्त हसला.

दुकान मिळालं तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. समोरच्या बाजूला पूर्ण काच, काचेपलीकडे लाकडी रस्ता आणि पाणी. काचेजवळ मी उंच आरसा ठेवला, म्हणजे गिऱ्हाईक उजेडात उभं राहील. माझी दोन मशीनं मागच्या भिंतीला. शेजारी एक चष्मेवाली, माझ्याच वयाची, जिभेला हाड नसलेली. बाबा रोज माझ्याबरोबर येत, बटणं लावत, उसवण काढत. अट एकच होती: दोन वर्षं दुकान नीट चालवून दाखवायचं, मग मालकीचा कागद मिळणार. त्याआधी दुकान बंद पडलं किंवा दुरुस्तीसाठी रिकामं करावं लागलं, तर ते कंपनीकडे परत. कलम अकरा. मी ते इतक्यांदा वाचलं होतं की झोपेतही म्हटलं असतं.

दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा फरशीला चीर पडली. केसाएवढी, पण या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ, माझ्या दुकानातून चष्मेवालीच्या दुकानात गेलेली. मागच्या भिंतीकडचा भाग एका बाजूला, काचेकडचा दुसऱ्या बाजूला. मला वाटलं, नव्या बांधकामाला चिरा पडतातच. बाबा गुडघ्यांवर बसले आणि बोटाने चिरेवरून शेवटपर्यंत गेले.

"ही जुन्या धक्क्याची कड आहे," ते म्हणाले. "मागचा भाग दगडावर आहे. पुढचा भरीवर."

"मग?"

"मग काही नाही. बघू."

बाहेर, माझ्या दारासमोर, फरशीत एक लोखंडी पाइप बसवलेला होता. भर घालताना पाण्याची पातळी बघायला तो थेट तळापर्यंत उभा केला होता, आणि त्याचं झाकण फरशीच्या बरोबरीने होतं. आता ते चार बोटं वर आलं होतं. लोक ठेचकाळत. चष्मेवालीने तक्रार केली. देखभाल-ऑफिसचा माणूस आला, बघून म्हणाला, "पाइप वर यायला लागलाय. दोन दिवसांत कापून टाकतो."

तो गेल्यावर बाबा पुटपुटले, "पाइप कशाला वर येतोय? तो तळावर उभा आहे. खाली आपण चाललोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरून शिसं आणि दोरी घेऊन आले. बाजार अजून उघडायचा होता. झाकण उघडून त्यांनी वजन पाइपात सोडलं. मी दारात झाडू घेऊन उभी होते. दोरी जात राहिली. मला वाटलं आता थांबेल, तरी जात राहिली. सैल पडली तेव्हा त्यांनी ती हात पसरत पसरत वर घेतली, ओठ हलत होते. मग आत येऊन माझ्या कापायच्या टेबलाशी बसले. त्यावर काळं कापड पसरलेलं होतं.

"चौतीस," ते म्हणाले.

"वहीत तर एकोणीस होतं."

त्यांनी माझा खडू घेतला आणि त्या कापडावर रेघा मारायला लागले. कापड गिऱ्हाइकाचं होतं. दर पाच वर्षांनी गोदीची नवी वही लिहीत, ते सांगू लागले. इतर गोद्या नव्याने मोजायच्या, पण आंधळीत जहाज जात नव्हतं, आणि जिथे जहाज जात नाही तिथे शिसं भिजवू नये, असं उस्ताद म्हणायचा. मग जुन्या वहीतला आकडा घ्यायचा, पाच वर्षांत गाळ साचला असेल म्हणून एक हात कमी करायचा आणि नव्या वहीत लिहायचा. दरवाजा बंद होता, गाळ येणार कुठून, हा विचार कुणी केला नाही. पन्नास वर्षांत दहा वह्या झाल्या. कापडावर दहा रेघा झाल्या. दहा हात म्हणजे पंधरा फूट, एकोणीस आणि पंधरा चौतीस. हिशेब चोख जुळला.

"यातल्या शेवटच्या सहा रेघा माझ्या," बाबा म्हणाले.

"पण त्या इंजिनिअरला तेव्हाच सांगायचं ना हे!"

"त्याने विचारलं वहीत काय लिहिलंय. वही कशी लिहिली, ते विचारलं नाही." मग म्हणाले, "आणि खरं सांगू? सुचलंच नाही. आम्हाला तो आकडा म्हणजे आकडाच वाटायचा गं. कमी लिहिलं की माणूस वाचतो, हेच डोक्यात. कमी लिहिल्याने कुणी मरेल, हे आमच्या धंद्यात नव्हतंच."

त्यांनी फरशीवर शिसं आपटलं. भिंतीकडे टक्क आवाज आला, काचेकडे ढब्ब. भरती-ओहोटीचं पाणी जुन्या दरवाजाच्या फटींतून आतबाहेर करतं आणि माती ओढून नेतं, ते म्हणाले. खाली थेट तळापर्यंत पोकळी झाली आहे. "मी आत्ता ऑफिसात जातो. आजच्या आज रिकामं करायला सांगतो."

आणि मी दारात आडवी उभी राहिले.

जे बोलले ते लिहिते. मी म्हटलं, "बाबा, कागद मिळायला अकरा दिवस राहिलेत. अकरा. तुम्ही आज गेलात की उद्या कुलूप. कलम अकरा. आठ वर्षं मी त्या लोकांच्या दारात बसले."

"फरशी बसतेय, बाळा."

"दोन वर्षं बसतेय ना? मग अजून अकरा दिवस बसू दे. कागद हातात आला की तुम्ही हवं तितकं बोंबला, मी तुमच्याबरोबर येते."

"मी सही केली आहे. माझ्या आकड्यावर आजवर..."

"एकही जहाज घासलं नाही, माहिती आहे मला! जन्मभर तेच ऐकलंय! जहाजांसाठी राखलंत, सगळ्यांसाठी राखलंत. माझे मार्कसुद्धा कमी करून सांगितलेत. माझ्यासाठी म्हणून एकदा तरी काही केलंत का? फक्त गप्प बसायला सांगतेय मी."

 त्यांनी दोरी गुंडाळून पिशवीत टाकली. "बरं," म्हणाले. "अकरा दिवस."

मी जिंकले होते. मला अगदी तसंच वाटलं, आणि ते लिहिताना मला माझी किळस येते.

त्या दिवसापासून त्यांनी दुकानाची मांडणी बदलली. आरसा काचेपासून काढून भिंतीकडे आणला. तिथे अंधार होता, गिऱ्हाइकं कुरकुरली. चष्मेवालीला सांगितलं, "पोरी, तुझी तपासणीची खुर्ची मागे घे, उजेड डोळ्यावर येतो." ती म्हणाली, "वावकाका, डोळ्यांचं मला शिकवता?" पण खुर्ची मागे घेतली. आणि काचेजवळ, आरशाच्या जागी, स्वतः स्टूल टाकून बसले. बटणं तिथेच लावायची, डबा तिथेच खायचा. गिऱ्हाईक त्या बाजूला वळलं की म्हणत, "इकडे नको, सुया सांडल्यात."

"रुसून बसलात का?" मी तिसऱ्या दिवशी विचारलं.

"नाही गं. मी इथे बसलो की इथे दुसरं कुणी उभं राहणार नाही. जागाच नाही."

मला ते ऐकू आलं, समजलंही, आणि मी पँटची शिलाई पुढे चालू ठेवली. रोज संध्याकाळी कुलूप लावताना मी मनात एक दिवस कमी करत होते. पाइप देखभाल-ऑफिसवाल्यांनी कापून टाकला. चीर आता पोस्टकार्डाएवढी रुंद नाही, पण पोस्टकार्ड आत जाईल एवढी झाली होती. मी तिच्यावर पायपुसणं टाकलं.

आठव्या दिवशी सकाळी, ओहोटीच्या वेळेला, मी मशीनवर होते. बाबा स्टुलावर कोटाचं बटण लावत होते. कापायच्या टेबलावरची कात्री आपोआप सरकली. हळू, काचेच्या दिशेने, आणि काठावरून खाली पडली. मी ती उचलायला उठले.

"तिथेच थांब," बाबा म्हणाले. आवाज चढवला नव्हता. "भिंतीला टेक. हलू नकोस."

मी भिंतीला टेकले. फरशी चिरेवरून फाटली, कापडाला नख देऊन ठेवलेल्या घडीवर ते फाटतं तशी, सरळ. आधी काच गेली. मग टेबल, आरसा नसलेली ती जागा, आणि स्टूल. बाबांच्या हातात कोट होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ते काही निरोपाचं वगैरे बघणं नव्हतं. मी भिंतीला नीट टेकले आहे ना, एवढंच बघितलं. मग तिथे धूळ होती आणि खाली पाणी.

वरचा मजला अजून भाड्याने गेला नव्हता. शेजारची चष्मेवाली मागच्या खुर्चीवर होती म्हणून वाचली. गेले ते एकटे बाबा.

अग्निशमन दलाची माणसं वीस मिनिटांत आली. पाणबुडे आले. देखभाल-ऑफिसचा साहेब फाईल छातीशी धरून धावत आला. दलाच्या अधिकाऱ्याने विचारलं, "खाली किती खोल आहे?" साहेबाने पान काढलं. "एकोणीस फूट. इथे सही आहे." पाणबुड्याने एकोणीस फुटांची दोरी बांधली आणि उतरला. खाली तुटलेल्या स्लॅबचे तुकडे अडकलेले होते. त्यालाच तळ समजून तो त्यावर चाचपत राहिला.

मला आकडा माहीत होता. मी तिथे, ब्लँकेट गुंडाळून, चार हातांवर उभी होते, आणि मला खरा आकडा माहीत होता. तो तोंडातून काढला की पुढचा प्रश्न काय येणार, तेही माहीत होतं. मी किती वेळ गप्प राहिले? चष्मेवाली म्हणते, दोन-तीन मिनिटं, तू भानावर नव्हतीस. मी भानावर होते. मी दहा मिनिटं धरते.

"चौतीस आहे," मी म्हटलं.

अधिकारी वळला. "कोण म्हणतं?"

"माझे बाबा."

"बाई, एकोणिसावर त्यांचीच सही आहे."

"त्यांनी पुन्हा मोजलं. आठ दिवसांपूर्वी. पाइपातून."

आजूबाजूचे सगळे दुकानदार ऐकत होते. अधिकाऱ्याने ओरडून पाणबुड्याला वर बोलावलं, आणि मग, आवाज खाली आणून, मला तो प्रश्न विचारला. "आठ दिवस माहीत होतं? मग त्यांनी सांगितलं का नाही?"

"मी सांगू दिलं नाही."

 चष्मेवालीने माझ्या खांद्यावर ठेवलेला हात काढून घेतला. तिने तो नंतर पुन्हा ठेवला, पण तेव्हा काढला होता, आणि ते बरोबरच होतं.

पाणबुड्याने दोरी चौतीस फुटांची केली. स्लॅबच्या तुकड्यांमधून वाट काढून तो खाली गेला. बऱ्याच वेळाने वर आला, तोंडावरचा मुखवटा काढला, धापा टाकत म्हणाला, "चौतीसला तळ लागत नाही. अजून हातभर खाली आहे." त्यांनी वजन सोडून मोजलं, ओली दोरी फरशीवर पसरून टेप लावला. साडेपस्तीस फूट.

"म्हणजे हा आकडाही चुकीचाच," साहेब म्हणाला, आणि फाईलमध्ये काहीतरी लिहिलं.

तो चुकीचा नव्हता. पाइपात मोजलं त्या सकाळी, सगळा अनर्थ एका-एका हाताने कसा साठत गेला हे समोर रेघा मारून मला समजावणाऱ्या माझ्या बाबांनी, दोरी मोजून झाल्यावर, सवयीने, त्यातून एक हात काढून ठेवला होता. जहाजासाठी. मी ते साहेबाला सांगायला तोंड उघडलं, पण त्याने फाईल मिटली होती.

त्यांनी दोरी साडेपस्तीस फुटांची केली, आणि बाबा सापडले.